पाच टक्के म्हणजे नेमके किती

आमच्या गावात आकडा कुणी जसाच्या तसा घेत नाही. मुखेडहून येणारी गाडी दहाला आहे म्हटलं की माणसं अकराच्या हिशोबानं चप्पल घालतात. लग्नाला दोनशे पाहुणे येणार असं मुलाकडच्यांनी कळवलं की आचाऱ्याला तीनशेचा स्वयंपाक सांगायचा, आणि तरी शेवटच्या पंगतीला वरणात पाणी घालायची तयारी ठेवायची. याला कुणी अविश्वास म्हणत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि पाचवा अंदाज, एवढंच आमचं अंकगणित.

माझी चुलत बहीण दीपाली या पाचव्या प्रकारात लहानपणापासून पहिली. प्रत्येक माणसाला कितीनं गुणायचं हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं. हनुमंतमामा ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणाले की दहानं. विहिरीवरची लाईट आठ तास राहणार म्हटली की तिचा गुणाकार उलटा व्हायचा, म्हणजे पाचच धरायची, आणि त्या पाचातही होल्टेज इतकं वरखाली की तिच्या वडिलांची, म्हणजे आमच्या भुजंगकाकांची मोटार कधी गुणगुणायची तर कधी किंचाळायची. माझाही एक गुणक होता. तो तिनं मला कधी सांगितला नाही, पण मी माझे मार्क सांगितले की ती जरा थांबून ‘असं व्हय’ म्हणायची. त्या थांबण्यात भागाकार चाललेला असायचा.

ही दीपाली सध्या नांदेडच्या विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करून राहिली. गावातले लोक आधी पगार विचारतात, मग लग्नाचं, आणि विषयापर्यंत पोचायच्या आत चहा संपतो. मी विचारला, कारण मला खरंच कळत नव्हतं की जे डोळ्याला दिसत नाही त्याच्यावर माणूस चार-चार वर्षं कशी काढतो. ती म्हणाली, आपल्याकडं पावसावर काढतात की. मग मात्र तिनं नीट बसून सांगितलं.

एका काचेच्या डबीतली हवा काढून घ्यायची, अगदी असून नसल्यासारखी. तिच्यात रुबिडियम नावाच्या धातूचे थोडे अणू सोडायचे आणि लेझरच्या प्रकाशानं त्यांना इतकं गार करायचं की ते जवळजवळ जागच्या जागी थांबतात. लाखो अणूंचा एक इवलासा ढग डबीच्या मधोमध तरंगत राहतो. प्रत्येक अणूला दोन पायऱ्या असतात, खालची आणि वरची. मायक्रोवेव्हची लहर ठरावीक ताकदीनं, ठरावीक वेळ सोडली की खालचा अणू वर जातो. या लहरीच्या झटक्याला ते पल्स म्हणतात. पल्स कमी पडला तर अणू मधेच राहतो, आणि मधे म्हणजे पायऱ्यांच्या मधे नाही, तर थोडा खाली आणि थोडा वर, दोन्हीकडं एकदमच. जास्त झाला तर वर जाऊन परत खाली यायला लागतो.

मी म्हटलं, मग बेताचा द्यायचा. ती हसली. बेताचा कुणाच्या मापानं? लहर सोडणारी अँटेना एका बाजूला असते. तिच्याजवळच्या अणूंना लहर जरा जोरात बसते, पलीकडच्यांना जरा हळू. लाखोंच्या गर्दीत एकेकाला नाव घेऊन सांगता येत नाही, की बाबा तू जरा कमी वळ, तू जरा जास्त वळ. हाक एकच मारायची, ती कुणाला मोठी ऐकू येणार आणि कुणाला बारीक, आणि तरी सगळे नेमके एकाच पायरीवर पोचले पाहिजेत. तशी हाक शोधून काढायची, हे तिचं काम.

हा प्रश्न तिला पडला मात्र नांदेडात नाही, लातुरात. दहावीनंतर तिला तिथं क्लासला घातलं होतं. एका लांबलचक हॉलमध्ये दोनेकशे पोरं, एक सर, एक माईक आणि चार स्पीकर, त्यातले दोन चालणारे. प्रवेश उशिरा झाल्यामुळं दीपाली न चालणाऱ्या स्पीकरखाली. पुढच्या बाकावरच्यांना सर बोलायच्या आत समजायचं, ते पुढच्या पायरीवर उडी मारून तिथं चुकायचे. मागचे अर्धं ऐकायचे आणि अर्धं मनानं भरायचे. शेवटी सर विचारायचे, समजलं का, आणि सगळा हॉल एका सुरात हो म्हणायचा. त्या ‘हो’ला दीपालीनं कितीनं भागलं असेल ते तिचं तिला ठाऊक. पण एकदा सरांनी उदाहरण सरळ सोडवलंच नाही. आधी मुद्दाम आडवाटेला नेलं, तिथून उलटं फिरवलं, मग उत्तरावर आणलं. त्या दिवशी पुढचे आणि मागचे एकाच उत्तरावर आले. कामून, हे तिला तेव्हा कळलं नाही, आणि ते न कळणं तिनं बरोबर नांदेडला नेलं.

अणूंचंही तसंच निघालं. ‘उलटा हो’ असं सरळ सांगितलं की जवळचे जास्त उलटतात, लांबचे कमी. म्हणून एका मोठ्या झटक्याऐवजी लहान लहान झटक्यांची माळ द्यायची, आणि प्रत्येक झटक्याची दिशा बदलायची. मला हे काही केल्या डोळ्यांपुढं येईना, तेव्हा तिनं आपल्या वडिलांचं उदाहरण दिलं, अण्णा कुळव कसा घालतात? आधी उभी पाळी, मग आडवी. उभ्या पाळीत जे ढेकूळ राहतं ते आडव्या पाळीत निघतं. तसं पहिल्या झटक्यात जो अणू जास्त वळला, तो आडव्या झटक्यात तेवढाच उलट्या अंगाला जास्त वळतो, आणि शेवटी चूक चुकीला खाऊन टाकते. अर्थात अणूला बैलाची उपमा देऊ नकोस कुठं लिहिताना, असंही तिनं बजावलं. मी बैलाचं नाव घेतलेलं नाही.

एवढं सगळं करूनही दीपालीनं तो ढग कधी पाहिला नव्हता. तिच्याकडं खोलीत एक कॉम्प्युटर, पाण्याचा माठ आणि समीकरणं होती. डबी, लेझर, अँटेना हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी गावात. ज्यांना चार वर्षं हाका मारल्या ते एकदा तरी आपल्यासमोर उलटताना बघायचे, हा तिचा ध्यास. लग्नाच्या वयातल्या मुलीला असला ध्यास असतो हे तिच्या आईनं, सरस्वतीकाकूंनी, कुणाला सांगितलेलं नाही. त्या सांगतात, मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे.

तिनं बऱ्याच प्रयोगशाळांना लिहिलं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून उत्तर आलं, धम्मप्रिया नावाच्या संशोधक बाईंचं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एका गुरुवारी दुपारी आमचं यंत्र मोकळं आहे. तुमचा पल्स पाठवा, आम्ही आमच्या ढगावर चालवून बघतो. आमच्या नेहमीच्या पल्सपेक्षा बरा निघाला तर तीन महिने इथं या, आपण बरोबर काम करू. नाही निघाला तर तुमचा वेळ घेतल्याबद्दल माफी. सोबत यंत्राची माहिती होती, आणि तिच्यात एक ओळ: ढगाच्या मध्यापासून कडेपर्यंत लहरीची ताकद पाच टक्क्यांनी कमी-जास्त होते.

दोन महिने दीपाली खोलीतून निघाली नाही. दिवाळीला आली तीही करंज्या खाता खाता छताकडं बघत. मग पल्स पाठवून दिला.

त्या गुरुवारी मी नांदेडात होतो. काकूंनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याची भाजी बांधून दिली होती. भुजंगकाकाही बरोबर होते, त्यांना मोटारीचं काहीतरी सामान घ्यायचं होतं. सामान घ्यायला निघालेला माणूस आधी लेकीच्या खोलीवर दोन तास कशाला बसतो, हे मी त्यांना विचारलं नाही. ते कॉटवर टोपी मांडीवर घेऊन बसले, मी दाराशी. कॉम्प्युटरवर पुण्याची खोली दिसत होती, म्हणजे एक टेबल आणि खूप वायरी. धम्मप्रियाबाईंचा नुसता आवाज येत होता. त्या प्रमाण मराठीत बोलत होत्या, अहो-जाहो करून, आणि दीपालीही घशात काहीतरी अडकल्यासारखी शुद्ध बोलत होती.

परीक्षा अशी होती. अणूंना एकदाच उलटवलं तर चांगला पल्स आणि साधा पल्स यांत फरक दिसत नाही. म्हणून लागोपाठ वीस वेळा उलटवायचं, म्हणजे प्रत्येक वेळची बारीक चूक साचत जाते. शेवटी मोजायचं, किती अणू जिथं असायला पाहिजेत तिथं आहेत.

आधी त्यांनी आपला नेहमीचा पल्स चालवला. पडद्यावर एक रेघ उमटली, मधे उंच टेकाड आणि दोन्ही कडांना उतार. मधले अणू बरोबर, कडेचे भरकटलेले. मग दीपालीचा. रेघ आली. या कडेपासून त्या कडेपर्यंत सपाट, एकही अणू दुसऱ्यापेक्षा कमी-जास्त नाही. मला वाटलं जिंकलो. मग दिसलं की रेघ सपाट आहे, पण खाली आहे. आमच्या माळरानासारखी. त्यांचं टेकाड कितीही अरुंद असलं तरी त्याची सरासरी हिच्यापेक्षा वर.

पुण्यात कुणीतरी खुर्ची सरकवली. धम्मप्रियाबाई म्हणाल्या की पल्स फारच लांबलचक आहे. इतका वेळ लागला तर अणूंना आपण कुठं होतो तेच आठवत नाही. आजूबाजूला चुंबकीय खडखड चालू असते, ती त्यांना हळूहळू विसरायला लावते. मग त्यांनी विचारलं, “हा किती टक्क्यांसाठी केलाय तुम्ही?”

“तीस,” दीपाली म्हणाली.

“आम्ही पाच लिहिलं होतं.”

“हो.”

“मग?”

दीपाली म्हणाली, “पाच लिहिलं होतं म्हणूनच तीस धरलं.”

मी काकांकडं पाहिलं. त्यांना यात चुकल्यासारखं काही वाटलं नव्हतं, उलट मुलीनं शहाणपणा केला असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. खरं तर मलाही. पुण्याच्या लोकांनी पाच सांगितलं तर आपण तीस धरायचं नाही तर काय, पाच धरायचं?

“तुम्ही मूळच्या कुठल्या?” धम्मप्रियाबाईंनी विचारलं.

“मुखेडकडची.”

आणि मग तो आवाज बदलला. आधी हसू आलं, मग मराठी. “अगं माय, मी औश्याची हाय. आमच्या घरी पाच किलो डाळ आणली की माझे बाबा परत मोजायचे. पण हे मी मोजलंय गं, स्वतः मोजलंय. हितं पाच म्हणजे पाचच.”

दीपालीच्या घशातलंही जे अडकलं होतं ते निघालं. ती म्हणाली की मला काय माहीत, तुमच्याकडं कुणी कसं मोजतं. धम्मप्रिया म्हणाली की विचारायचं होतंस. दीपाली म्हणाली, विचारलं असतं तर तुम्ही पाचच सांगितलं असतं, मग त्यालाही कितीनं तरी गुणावं लागलं असतं. पण वाद घालायला वेळ नव्हता. संध्याकाळी यंत्र दुसऱ्यांना द्यायचं होतं.

आता मला त्या धंद्यातली खरी गोम कळायला लागली. भरवसा जितका कमी, पल्स तितका लांब. काहीही झालं तरी चुकायचं नाही असं ठरवलं की इतका वेळ लागतो की तोवर जे सांभाळायचं तेच निसटून जातं. सगळ्यांवर संशय घेणारा पल्स कुणाशीच वाईट वागत नाही, फक्त सगळ्यांशी सारखाच फिका वागतो. म्हणजे दीपालीला गणित नव्यानं करायचं नव्हतं, ते कॉम्प्युटर तासाभरात करणार होता. तिला फक्त ठरवायचं होतं, या बाईवर किती विश्वास टाकायचा. आणि हे तिच्या बापजन्मात तिनं कधी ठरवलं नव्हतं.

ती खुर्ची फिरवून काकांकडं वळली. “अण्णा, तुम्ही कुणाचा आकडा जसाच्या तसा धरता?”

काकांनी गंभीरपणे विचार केला. मी नावं मोजत होतो. सोसायटीचा सेक्रेटरी नाही, हनुमंतमामा नाही, मी तर नाहीच.

“तुझ्या मायचा,” ते म्हणाले. “दोन भाकरी हायत म्हणली की दोनच असत्यात.”

“याचा मला काय उपयोग?”

“उपयोगाचं तू कुठं विचारलं?”

ती परत पडद्याकडं वळली आणि धम्मप्रियाला खोदून विचारायला लागली. मोजलं म्हणजे कसं मोजलं? धम्मप्रियानं सांगितलं. ढगाला थोडं थोडं सरकवत प्रत्येक जागी अणू किती वेगानं उलटतात ते पाहिलं, त्यावरून ताकद काढली. कधी मोजलं? उन्हाळ्यात. उन्हाळ्यानंतर त्या डबीला, त्या अँटेनाला कुणी हात लावला? इथं जरा थांबून धम्मप्रिया म्हणाली की पावसाळ्यात एकदा अँटेना काढून परत बसवली होती, पण त्याच जागी. कुणी बसवली? एका विद्यार्थ्यानं. त्याच जागी म्हणजे? धम्मप्रिया हसून म्हणाली, तू पोलिसात कामून गेली न्हाईस.

मग दीपालीनं दोन पल्स करायला घातले. एक पाच टक्क्यांचा, धम्मप्रियाच्या शब्दावर पूर्ण भरवसा ठेवणारा. दुसरा आठचा. आठच का, असं मी विचारलं. ती म्हणाली, औसा जवळ आहे म्हणून सूट दिली.

कॉम्प्युटर फिरत होता तोवर आम्ही जेवलो. दीपालीनं अर्धी भाकरी नुसती हातात धरून ठेवली. काका मला हळूच विचारत होते की हे अणू उलटतात तर पडत कसे नाहीत. मी माझ्या परीनं सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि ती मान किती हलली यावरून मला कळलं की माझा गुणक त्यांच्याकडंही आहे.

पाचचा पल्स आधी गेला. रेघ वर आली, छान वर, त्यांच्या टेकाडाच्या बरोबरीनं, आणि रुंदही. फक्त अगदी दोन्ही कडांना वाळलेल्या पानासारखी दुमडली. मग आठचा गेला. ही रेघ पाचच्यापेक्षा केसभर खाली, पण या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग. कुठं दुमड नाही. सरासरी काढली तर चारही रेघांत वर.

दीपाली रेघेकडं बघतच राहिली. आनंद झालेला माणूस असा दिसत नाही. ती हिशोब करत होती. पाचचा पल्स कडेला दुमडला याचा अर्थ कडेला पाच नाही, जास्त आहे. कुठं दुमडला ते बघून उलटं मोजलं तर किती निघतं?

“सात,” तिच्या आधी धम्मप्रियाच म्हणाली. “सात टक्के हाय आता. अँटेना वाकडी बसवलीय त्यानं.”

काका कॉटवरून उठले आणि पहिल्यांदा कॉम्प्युटरजवळ आले. वायरींच्या त्या टेबलाकडं वाकून बघत त्यांनी धम्मप्रियाला नमस्कार केला, जो तिला दिसला नसावा. मग मला म्हणाले की बाई खोटं बोलली नव्हती, एवढं बरं झालं. दीपाली म्हणाली, नाही अण्णा, ती खरं बोलली होती. बाकी जगाला या दोन वाक्यांत फरक वाटणार नाही.

पुढचं बोलणं फार झालं नाही. धम्मप्रियानं विचारलं, जानेवारीत येतेस का. राहायची सोय वसतिगृहात होईल, थंडी असते, स्वेटर आण. दीपालीनं हो म्हटलं आणि मग विचारलं, जानेवारीत म्हणजे कितीला? धम्मप्रिया म्हणाली, पाच तारखेला, आणि या पाचाचं काही करू नकोस. कॉल संपल्यावर दीपालीनं उरलेली भाकरी एका दमात संपवली आणि मला विचारलं की चटणी अजून आहे का.

घरी सरस्वतीकाकूंना सांगणं हा वेगळाच प्रयोग होता. तीन महिने पुण्यात राहून ही नेमकं काय करणार, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. दीपालीनं सांगितलं की अणू उलटवणार. काकूंनी विचारलं, मग सरळ कोण करणार? तोच झटका परत दिला की आपोआप सरळ होतात, दीपाली म्हणाली. काकूंनी पिठाचा हात कपाळाला लावला आणि विचारलं की मग एवढा खटाटोप करून जागचं काय हललं. हा प्रश्न दीपालीनं टाळला नाही. ती चुलीजवळ बसून तासभर सांगत राहिली. अणूंची घड्याळं कशी असतात, जमिनीखालचं पाणी त्यांच्यानं ओळखता येईल का याचा लोक शोध कसा करून राहिलेत. पाण्याचं नाव निघाल्यावर काकूंनी भाकरी थापायची थांबवली. किती खोलवरचं, असं त्यांनी विचारलं. ते अजून कुणाला नीट जमलेलं नाही, म्हणून तर जायचंय, असं दीपाली म्हणाली. मग जा, काकू म्हणाल्या.

ती गेली. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा मी औश्याच्या बसस्टँडवर होतो, आजूबाजूला गलका. मी विचारलं, पाहिलास का ढग?

तिनं सांगितलं की डबीला एक छोटी खिडकी आहे, तिथून कॅमेरा बघतो, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो दिसतो. ज्वारीच्या दाण्याएवढाच. तिच्या डोक्यात इतकी वर्षं तो आठवडी बाजाराएवढा होता, माणसांनी फुललेला, आणि ती या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या माणसाला हाक मारत होती. इथं बघते तर एवढासा.

मी विचारलं, मग निराशा झाली का.

गलक्यात ऐकू यावं म्हणून मी फोन कानाशी दाबून धरला.

“न्हाई रे,” ती म्हणाली. “हालून राहिलाय. जागच्या जागी, नुसता बारीक बारीक.”

मग पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली, अँटेना सरळ करून ताकद परत मोजायची होती, आणि अँटेना धरायला दोन माणसं लागतात. मी अजून काहीतरी विचारणार होतो. तिनं फोन ठेवला होता.